‘मार्ग’चे जुने खंड रद्दीत काढणाऱ्या ग्रंथालयांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील कला आणि वास्तुकला महाविद्यालयांचे प्राचार्य, ग्रंथपाल आणि ग्रंथालय समित्यांचे सन्माननीय सदस्य

विषय : ‘मार्ग’ त्रैमासिकाच्या जुन्या खंडांचे निर्लेखन (ग्रंथालयाच्या नोंदीतून काढून टाकणे) थांबवण्याबाबत

सन्माननीय महोदय / महोदया,

राज्यातील एका कला महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने अलीकडे निर्लेखनाची जी यादी काढली, तिच्यात ‘मार्ग’ या कलाविषयक त्रैमासिकाचे जुने बांधीव खंड होते, आणि जागेअभावी ते वजनावर रद्दीत गेले. ती यादी मी स्वतः वाचली आहे. अनुक्रमांक, दाखल क्रमांक, शीर्षक, वर्ष, मूळ किंमत आणि शेवटी शेरा असे तिचे रकाने होते, आणि शेऱ्याच्या रकान्यात पहिल्या ओळीखेरीज सगळीकडे ‘वरीलप्रमाणे’ लिहिले होते. पहिल्या ओळीत लिहिले होते, ‘वापर नाही’. त्या संस्थेचे नाव मी मुद्दाम घेत नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येण्याआधी कपाटे मोकळी करणे, अंदाजपत्रकात कपात करायची झाली की सर्वांत आधी नियतकालिकांची वर्गणी छाटणे, आणि नियतकालिकाच्या जुन्या अंकाला शिळ्या वर्तमानपत्राच्या मोलाने लेखणे ही रीत अनेक ठिकाणी रुळली आहे, त्यामुळे एकाच संस्थेला दोष देऊन काही साधणार नाही. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना लिहीत आहे, आणि ज्यांच्या करांतून व शुल्कांतून हे खंड विकत घेतले गेले त्या नागरिकांनी आणि विद्यार्थ्यांनीही ते वाचावे यासाठी जाहीरपणे लिहीत आहे.

मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करत असताना आमच्या अभ्यासक्रमात कलेचा इतिहास होता, पण तो गाइडमधल्या टिपांपुरता होता : अजिंठा चार ओळींत, मुघल शैली सहा ओळींत, आणि आधुनिक कला बहुधा सुट्टी लागेपर्यंत राहूनच जाई. त्या काळात महाविद्यालयाच्या नियतकालिक विभागात ‘मार्ग’चे खंड काचेच्या कपाटात कुलूपबंद असत. ते घरी नेता येत नसत. चिठ्ठी लिहून द्यायची, शिपाई खंड आणून टेबलावर ठेवायचा, आणि ग्रंथालय बंद होईपर्यंत तिथेच बसून वाचायचे. माझे शिक्षण मराठी माध्यमातले, त्यामुळे शेजारी शब्दकोश ठेवून वाचावे लागे. तरीही एखाद्या शिल्पाकडे किती वेळ पाहायचे असते, आणि ज्या दगडातून ते घडले, ज्या राजवटीत घडले, ज्या कारागिरांनी घडवले त्या सगळ्याशी ते जोडून कसे पाहायचे असते, हे मला त्या टेबलावर कळले. पुढे चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना मी जे काही शिकवू शकलो, त्याचा मोठा वाटा या खंडांचा आहे. त्यामुळे ‘वापर नाही’ हा शेरा मला निमूटपणे मान्य करता येत नाही.

हे नियतकालिक काय आहे याची कल्पना निर्लेखनावर सही करणाऱ्या प्रत्येकाला असेलच असे नाही, म्हणून त्याचा इतिहास थोडा विस्ताराने मांडतो. ‘मार्ग’चा पहिला अंक ऑक्टोबर १९४६ मध्ये मुंबईत निघाला, तेव्हा स्वातंत्र्याला अजून दहा महिने अवकाश होता. लंडनच्या दीर्घ वास्तव्यानंतर परतलेले कादंबरीकार मुल्कराज आनंद हे त्याचे संस्थापक संपादक. त्यांच्याभोवती जमलेली मंडळी पाहिली तरी त्या काळच्या मुंबईची ताकद लक्षात येते : सिलोनच्या अनिल डिसिल्व्हा आणि त्यांच्या वास्तुविशारद भगिनी मिनेट डिसिल्व्हा, जर्मनीतून नाझी राजवटीमुळे बाहेर पडून म्हैसूर संस्थानात काम करणारे वास्तुविशारद ओटो कोनिग्सबर्गर, वकिलीच्या व्यवसायात राहून भारतीय चित्रकलेचे मोठे जाणकार झालेले कार्ल खंडालावाला, बडोद्याच्या संग्रहालयाची धुरा सांभाळणारे हर्मन गोएट्झ. ‘मॉडर्न आर्किटेक्चरल रिसर्च ग्रुप’ या गटाच्या आद्याक्षरांवरून नियतकालिकाला नाव मिळाले. जे. आर. डी. टाटा यांनी जाहिराती दिल्या आणि कचेरीसाठी जागा मिळवून दिली. काळा घोड्याजवळच्या आर्मी अँड नेव्ही बिल्डिंगचा पत्ता पुढे ‘मार्ग’च्या नावाशी कायमचा जोडला गेला.

पहिल्याच अंकातल्या आनंद यांच्या संपादकीयाचे शीर्षक होते ‘प्लॅनिंग अँड ड्रीमिंग’. नवे राष्ट्र उभे राहत असताना माणसांनी कोणत्या घरांत राहायचे, शहरे कशी वाढवायची, जुन्या देवळांशी, लेण्यांशी आणि हस्तकलांशी आपले नाते काय असावे, हे प्रश्न त्यांनी एकत्र मांडले आणि जवळजवळ साडेतीन दशके, १९८१ पर्यंत, एकत्रच ठेवले. मला या नियतकालिकाचे सर्वांत मोठे काम हेच वाटते. त्याच्या पानांवर साध्या घरांचे आराखडे आणि मंदिरांची शिल्पे शेजारी-शेजारी आली. लघुचित्रांबरोबर विणकाम आले, नृत्य आले, मातीची भांडी आली. खजुराहोवर विशेषांक निघाला तसाच, डिसेंबर १९६१ मध्ये, नव्याने उभ्या राहत असलेल्या चंडीगडवरही निघाला. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने चित्रकला वाचावी आणि चित्रकाराने शहराचा विचार करावा, ही अपेक्षा आपल्या अभ्यासक्रमांच्या कप्प्यांत आजही बसत नाही. ‘मार्ग’ने ती अंकामागून अंक प्रत्यक्षात आणली. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाक्रे यांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे मुंबईतले १९४९ चे प्रदर्शन ज्यांच्या हस्ते उघडले, ते संपादक आनंदच होते, हेही इथे सांगितले पाहिजे; जुन्याचा अभ्यास आणि नव्याची पाठराखण या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या मानल्या नाहीत.

आनंद यांच्यानंतर सरयू दोशी आणि पुढे प्रतापादित्य पाल यांच्यासारख्या अभ्यासकांनी संपादनाची जबाबदारी घेतली. एका विषयाला वाहिलेला अंक, विषयाच्या जाणकाराकडे त्याचे संपादन, आणि छायाचित्रांना लेखाइतकाच मान ही पद्धत पक्की होत गेली. आता मार्ग फाउंडेशन ही ना-नफा संस्था ते चालवते. भारतात कलाविषयक नियतकालिके पुष्कळ निघाली आणि बहुतेक काही वर्षांत बंद पडली. हे एक टिकले.

आता ज्या अंकासाठी मी विशेष तळमळीने लिहीत आहे त्याकडे येतो, तो जून १९६५ चा. मुंबई महानगरपालिकेची विकास योजना त्याआधीच्या वर्षी जाहीर झाली होती. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रविणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल या तिघांना ती मान्य नव्हती. दक्षिणेला कचेऱ्या आणि उत्तरेला घरे अशा अरुंद पट्टीत शहर लांबवत नेले तर रोज लाखो माणसांना त्याच दोन-तीन रेल्वेमार्गांवरून कोंबून न्यावे लागेल, म्हणून वाढीची दिशा बदलून ती खाडीपलीकडे पूर्वेला न्यावी आणि तिथे मुंबईच्या तोडीचे नवे शहर वसवावे, अशी त्यांची मांडणी होती. ‘मार्ग’ने त्या मांडणीसाठी पूर्ण अंक दिला, आणि शीर्षकात पहिल्या संपादकीयाचेच शब्द पुन्हा वापरले. पाच वर्षांनी, मार्च १९७० मध्ये, हे नवे शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, उभारण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र आणि ९५ गावे नव्या शहरासाठी अधिसूचित झाली. कोरिया नव्या शहराचे मुख्य वास्तुविशारद झाले आणि पटेल यांनीही सिडकोत नियोजनाची जबाबदारी घेतली. एका कलाविषयक त्रैमासिकाच्या अंकातून निघालेली कल्पना लाखो मराठी माणसांच्या पत्त्यापर्यंत पोहोचल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

हा अंक वाचावा तो केवळ कौतुकासाठी नव्हे. ज्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला आणि जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासई परिसरातील पोलीस गोळीबारांत पाच शेतकरी हुतात्मा झाले. नियोजनकारांनी कागदावर काय मांडले होते, त्यातले सरकारने काय उचलले, काय सोडून दिले, आणि त्या नकाशात आगरी-कोळ्यांच्या गावठाणांना काय स्थान होते, हे प्रश्न आजही उरण-पनवेलच्या घराघरांत जिवंत आहेत. त्यांचा प्रामाणिक अभ्यास करायचा तर मूळ अंक हाती हवा. वास्तुकला महाविद्यालयानेच तो रद्दीत घातला, तर तिथल्या विद्यार्थ्याने स्वतःच्या शहराचा जन्म कुठे वाचायचा?

आणि हा एकच अंक नाही. अमेरिकन कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांचे ‘अजंता टू एलोरा’ १९६७ मध्ये ‘मार्ग’नेच प्रसिद्ध केले. अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, समजले जाते त्यापेक्षा फार थोड्या वर्षांत खोदली गेली, हे मत स्पिंक यांनी आयुष्यभर लावून धरले, आणि त्यांचा मोठा भर अपुऱ्या राहिलेल्या कामावर होता. ते वाचल्यानंतर मी शाळेच्या सहली लेणे क्रमांक २४ जवळ थांबवू लागलो. मार्गदर्शक तिथे सहसा थांबत नाहीत, कारण रंगवलेले काही दाखवण्यासारखे नाही. पण तिथे एका खांबाला नुसता चौकोनी ओबडधोबड आकार दिलेला दिसतो, दुसऱ्यावर छिन्नीचे तिरपे घाव तसेच राहिलेले दिसतात आणि तिसऱ्यावर नक्षी उमटू लागलेली असते. डोंगर खोदून विहार कसा करतात हे आठवीतल्या मुलाला तिथे न सांगता समजते. गोव्याच्या संस्कृतीवर सरयू दोशी यांनी संपादित केलेले ‘गोवा : कल्चरल पॅटर्न्स’ (१९८३) आणि मुंबईच्या बदलत्या रूपावरचे ‘बॉम्बे टू मुंबई’ (१९९७) ही याच प्रकाशनाची कामे. आपल्या प्रदेशाचा इतका ऐवज एका ठिकाणी असताना आपणच त्याला अनुपयोगी ठरवावे, याचे मला मनापासून दुःख होते.

माझ्या तक्रारी आता स्पष्टपणे नोंदवतो.

पहिली तक्रार वापर मोजण्याच्या पद्धतीबद्दल आहे. निर्लेखनाच्या वेळी देवघेवीची नोंद पाहिली जाते. पण बांधीव नियतकालिके घरी द्यायचीच नाहीत, असा बहुतेक ग्रंथालयांचा स्वतःचाच नियम असतो. जो खंड टेबलावरच वाचायचा, त्याची नोंद देवघेवीत कशी सापडणार? वाचनकक्षात मागवलेल्या खंडांच्या चिठ्ठ्या कुणी जपून ठेवत नाही, त्यांची बेरीज होत नाही, आणि मग यादीत ‘वापर नाही’ असे लिहिले जाते. विद्यार्थ्यांना हे खंड ग्रंथालयात आहेत हेच सांगितले जात नाही, हा भाग तर वेगळाच. कपाटाला कुलूप, किल्ली एकाच कर्मचाऱ्याकडे आणि तो रजेवर, अशा स्थितीत कुठल्या खंडाचा वापर होईल?

दुसरी तक्रार अशी की नियतकालिकाचा संच मोडला की उरलेल्याचेही मोल जाते. मधली वर्षे काढून टाकून ‘महत्त्वाचे तेवढे ठेवले’ असे सांगणे मला कधीच पटलेले नाही. वर्षानुवर्षे चालणाऱ्या वादाचे, बदलणाऱ्या आवडीचे आणि नव्याने पुढे येणाऱ्या लेखकांचे दर्शन सलग खंडांतूनच होते. महत्त्वाचे काय, हे ठरवण्याचा अधिकार पुढच्या अभ्यासकालाही असायला हवा.

तिसरी गोष्ट, हल्ली प्रत्येक चर्चेत एक उत्तर तयार असते : सगळे इंटरनेटवर मिळते. डिजिटल प्रतींचे मी स्वागत करतो; खेड्यातल्या विद्यार्थ्याला त्यांचा मोठा आधार आहे. परंतु विकत घेतलेला खंड संस्थेच्या मालकीचा असतो, आणि डिजिटल सेवा वर्गणी चालू असेपर्यंतच मिळते. वर्गणी छाटण्याची आपली सवय पाहता हा फरक मोठा आहे. शिवाय रंगीत छपाईचा पोत, पानाचा आकार, दोन समोरासमोरच्या पानांवर केलेली मांडणी आणि जाहिरातीसुद्धा, हे सारे अभ्यासाचे साहित्य आहे. उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याला मुंबईतल्या त्या काळच्या जाहिरात-संकल्पनाचे नमुने मूळ छपाईत आणखी कुठे मिळणार आहेत?

चौथी तक्रार थोडक्यात सांगतो. अनेक खंडांतली रंगीत पाने ब्लेडने कापून नेलेली असतात. ते कृत्य चुकीचेच आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. मात्र जिथे छायाप्रत मिळत नाही आणि मोबाइलवर फोटो काढायलाही मनाई असते, तिथे ही चोरी वाढते, हे मी शिक्षक म्हणून वर्षानुवर्षे पाहिले आहे.

पाचवी तक्रार भाषेची आहे, आणि ती केवळ आपल्याविरुद्ध नाही. ‘मार्ग’ इंग्रजीत निघते आणि त्याची किंमत सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर असते. सोलापूर, नांदेड, चंद्रपूर किंवा सिंधुदुर्गातून कलाशिक्षणाला येणारी बहुतेक मुले मराठी माध्यमातली असतात. मुंबईत जन्मलेल्या आणि महाराष्ट्राच्या लेण्यांवर, शहरांवर इतके लिहिलेल्या नियतकालिकातला मजकूर त्यांच्यापर्यंत मराठीतून पोहोचवण्याचा पद्धतशीर प्रयत्न माझ्या पाहण्यात आलेला नाही. दृश्यकलेवर मराठीत उत्तम काम होऊ शकते. ‘शिल्पकार चरित्रकोश’ या ग्रंथमालेचा दृश्यकला खंड त्याची साक्ष आहे. इच्छा असेल तर हेही होईल.

या तक्रारींवरून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

ज्या ग्रंथालयांत ‘मार्ग’चे खंड निर्लेखनाच्या यादीत आहेत, त्यांनी ती कार्यवाही ताबडतोब थांबवावी. जे खंड ठेवणे खरोखरच अशक्य आहे, ते रद्दीत न देता आधी राज्यातल्या अन्य कला महाविद्यालयांना, सार्वजनिक ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना विनामूल्य देऊ करावेत, आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत ठेवावी.

प्रत्येक संस्थेने आपल्याकडे कोणत्या वर्षांचे कोणते अंक आहेत याची यादी जाहीर करावी. ही यादी करायला निधी लागत नाही. एक दाखल नोंदवही आणि दोन विद्यार्थी पुरतात. सर्वांच्या याद्या जुळवल्या की राज्यात पूर्ण संच कुठे आहेत आणि कुठल्या अंकांची उणीव आहे हे समजेल, आणि देवाणघेवाण करून किमान मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि कोल्हापूर इथे एकेक पूर्ण संच उभा करता येईल. पणजीतही तो असावा असे मला वाटते, पण त्याचा निर्णय गोव्याच्या संस्थांनी घ्यायचा आहे.

निर्लेखन समितीत कलेच्या किंवा वास्तुकलेच्या इतिहासाचा जाणकार असल्याखेरीज कलाविषयक नियतकालिकांवर निर्णय होऊ नये. वाचनकक्षातल्या वापराची नोंद ठेवावी. कायद्याच्या चौकटीत अभ्यासापुरती छायाप्रत देण्याची सोय करावी.

खंडांची मराठी विषयसूची तयार करावी. अजिंठा, वेरूळ, पैठणी, मुंबईची वास्तुकला, नवी मुंबई अशा विषयांवर कोणत्या खंडात कोणत्या पानावर काय आहे, एवढे मराठीत लिहून भिंतीवर लावले, तरी विद्यार्थी कपाट उघडायला लावतील. निवडक लेखांच्या मराठी अनुवादासाठी मार्ग फाउंडेशनकडे रीतसर परवानगी मागावी, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाकडे तसा प्रस्ताव आपण एकत्रितपणे पाठवावा. माझी सुरुवातीची सूचना जून १९६५ च्या अंकाची आहे.

शेवटची मागणी चालू वर्गणीची. ज्या महाविद्यालयांनी ती बंद केली आहे त्यांनी पुन्हा सुरू करावी. वर्षाला चार अंकांची किंमत ही एखाद्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातल्या मंडपाच्या खर्चापुढे नगण्य आहे, हे आपणही जाणता.

आपल्यापैकी अनेक ग्रंथपाल अपुऱ्या मनुष्यबळात, गळक्या छपराखाली आणि वाळवीशी झगडत काम करतात, याची मला पूर्ण जाणीव आहे. रिक्त जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, त्याचा दोष आपल्या माथी मारण्याचा माझा हेतू नाही. आपण याद्या करायला घेतल्या तर माझ्यासारखे निवृत्त कलाशिक्षक आपापल्या जिल्ह्यात येऊन बसतील, खंड पुसतील, पाने मोजतील आणि मराठी सूची लिहून देतील. हे आश्वासन मी माझ्यापुरते आज देतो, आणि मित्रांशी बोलून त्यांच्या वतीनेही देत आहे.

येत्या साठा-तपासणीपूर्वी आपल्या ग्रंथालय समितीच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि झालेला निर्णय, तो कोणताही असो, सूचना फलकावर लेखी लावावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कलाशिक्षक